कोणी गेलेलं नाही!

खांबेटे काका कोणाकडेही गेले की बेल दाबतात, दोन पावलं मागे सरकतात आणि आतून कोणी "कोण आहे?" विचारायच्या आत खणखणीत आवाजात ओरडतात, "कोणी गेलेलं नाही!"

मग दार उघडतं. मग कळतं की काका कढई परत करायला आलेत, किंवा परसातल्या मेथीची जुडी द्यायला आलेत, किंवा नुसतेच आलेत. पण आधी ती घोषणा. त्यांच्या शेजारी एक म्हातारे इटालियन गृहस्थ राहतात. त्यांची पक्की समजूत झाली आहे की हा आम्हा भारतीयांचा नमस्कार आहे. सकाळी कुत्र्याला फिरवताना काका दिसले की ते टोपी उचलून म्हणतात, "कोनी गेलेला नाय, मिस्टर के!" आणि काका तितक्याच गंभीरपणे म्हणतात, "नाय, नाय. सेम टू यू."

याला कारण आहे. न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये काका आले तेव्हा इथे ओक ट्री रोडवर हिंगाची डबीसुद्धा मिळत नव्हती. तेव्हापासून त्यांचं घर तेच आणि फोन नंबरही तोच. त्यामुळे न्यू जर्सीला येणारा प्रत्येक मराठी माणूस निघताना घरच्यांना सांगतो, "माझा पत्ता पक्का होईपर्यंत खांबेट्यांचा नंबर ठेवा." पत्ता पक्का होतो, माणूस स्वतःचं घर घेतो, त्याची मुलं कॉलेजात जातात, पण तिकडे आईवडिलांनी भिंतीवर लिहून ठेवलेला नंबर खांबेट्यांचाच राहतो. आम्ही विद्यार्थी तर दर सेमिस्टरला खोली बदलतो. मग तिकडे कोणी गेलं, की ट्रंककॉल येतो काकांना.

आणि काका तो निरोप फोनवरून पुढे सांगत नाहीत. कोट घालतात, टाय लावतात, आपली तपकिरी स्टेशन वॅगन काढतात आणि स्वतः जातात. बर्फ असो, सोमवार असो, ऑफिस असो. ते पुलांची डिझाइन्स करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. ऑफिसात त्यांनी एकदाच सांगून ठेवलंय, "पूल थांबतो. हे थांबत नाही."

परिणाम असा झाला की ती तपकिरी गाडी कोणाच्या ड्राइव्ह-वेमध्ये शिरली की घरातल्या बाईचे हातपाय गार पडायला लागले. डॉक्टर सबनिसांकडच्या बारशाला काका चांदीचा वाळा घेऊन गेले, तर काकूंनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि बासुंदीचं पातेलं हातातून सोडलं. नव्या कार्पेटवर. त्या दिवसापासून काकांनी ती घोषणा सुरू केली.

आता माझी ओळख, थोडक्यात. मी सुजाता मेश्राम, नागपूरची. इथल्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. माझे प्रोफेसर म्हणतील की मी पत्रकं काढते आणि उरलेल्या वेळात शिकते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारशी धंदा करणाऱ्या कंपन्यांत आमच्या युनिव्हर्सिटीची गुंतवणूक आहे. ती काढून घ्या म्हणून आम्ही ऑफिसच्या पायऱ्यांवर बसतो, आणि तिथे जे कागद वाटले जातात ते मी लिहिते. मला गोल गोल बोलणारी माणसं आवडत नाहीत. 'तसं पाहिलं तर' आणि 'एका अर्थी' हे शब्द लिहिणाऱ्याचा हात धरावासा वाटतो. काकांनी माझं नाव 'पुढारी' ठेवलंय. "काय पुढारी, आज काय बंद?" ही त्यांची हाक.

काकांची आणि माझी पहिली भेट बेलनेच झाली. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर होता. मी खोलीत जमिनीवर बसून पुठ्ठ्यावर घोषणा रंगवत होते. दार उघडलं, तर एक उंच, किंचित वाकलेले, टाय लावलेले गृहस्थ.

"सुजाता मेश्राम? मी खांबेटे. तुझी आजी काल रात्री गेली. झोपेत. त्रास झाला नाही. आईबाबा ठीक आहेत." एका श्वासात एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "आता बस."

काकांचा हा नियम आहे: आधी वाक्य, मग खुर्ची. लोक उलटं करतात. येतात, "जरा बसा" म्हणतात, पाणी मागवतात, घसा साफ करतात. काका म्हणतात, "अगं, 'बसा' म्हटल्याबरोबर समोरचा माणूस मनातल्या मनात सगळ्यांना मारून बसतो. आई, बाप, भाऊ, धाकटी मावशी. एकाची बातमी सांगायला जायचं आणि दहा मुडदे पाडायचे? आधी वाक्य. मग खुर्ची."

मी खुर्चीवर बसले. काका आत गेले. आम्ही चार मुली एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि चौघींची आठवड्याची भांडी सिंकमध्ये साठली होती. काकांनी कोट काढला, बाह्या वर केल्या, नळ पूर्ण सोडला आणि घासायला लागले. पाण्याचा असा धबधबा, की शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येईना.

मी तशातही म्हणाले, "काका, पाणी वाया जातंय."

"जाऊ दे. तू रड. बाहेर काही ऐकू येत नाही."

नंतर मला समजलं की हे ते प्रत्येक घरी करतात. वाक्य सांगतात, खुर्ची देतात, आत जाऊन नळ सोडतात आणि भांडी घासतात. स्वच्छ असली तरी घासतात. रडणं आटोपल्याचा अंदाज आला की नळ बंद करून हात पुसत बाहेर येतात.

माझी आजी ज्या गावात वाढली तिथे खांबेट्यांसारख्या आडनावाच्या घरी तिला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. आणि ती गेल्याची बातमी आणणाऱ्या खांबेट्यांनी तिच्या नातीचं आठवड्याचं खरकटं घासलं. यावर मी पत्रक काढणार होते. मथळाही तयार होता. काका म्हणाले, "काढलंस तर पुढच्या वेळी घासणार नाही." मी अजून काढलेलं नाही. हे पत्रक नव्हे.

काकांच्या आणखी एका सवयीवर सगळे हसतात. त्यांना फोन केला की तो वाजत राहतो, वाजत राहतो, आपण ठेवायला जातो तेव्हा उचलला जातो. मी त्यांच्या घरी असताना पाहिलंय. घंटी वाजली की काका आधी रेडिओ बंद करतात. मग चपला घालतात. मग शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावतात. मग हात फोनवर ठेवून जरा उभे राहतात. आणि मग उचलून म्हणतात, "खांबेटे."

"काका, हा काय प्रकार? कोणी बघतंय का तुम्हाला?"

"फोन घ्यायचा तर माणूस नीट तयार पाहिजे."

मी म्हटलं, मिरजेचा असेल काही रिवाज.

मिरजेला त्यांची बहीण असते, माई. जगात त्यांचं तेवढंच माणूस. आई लवकर गेली, माईंनी वाढवलं, शिकवलं, विमानात बसवलं. काकांचं लग्न राहूनच गेलं. माई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि काकांच्या बोलण्यात सारख्या असतात. "माई म्हणते, अमेरिकेत माणसं उभ्यानं जेवतात, म्हणून त्यांना झोप लागत नाही." "माई म्हणते, टायचं गाठोडं गळ्याला बांधून कोणाचं भलं झालंय?" पण आपण विचारलं, "माईंची तब्येत कशी आहे?" की काका घड्याळ बघतात आणि उठतात.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी नाटक बसवायला घेतलं. दर वर्षी तेच. सासू बहिरी, सासरा विसराळू, जावई नोकराच्या वेषात. मी कमिटीला स्पष्ट सांगितलं की हे नाटक नसून गुंगीचं औषध आहे. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस भूलतज्ज्ञ आहेत, ते जरा दुखावले. पण त्यांना राजाचं काम देऊ केल्यावर मान्य झाले.

नाटक ग्रीक होतं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. इंग्रजीवरून मराठी मीच केलं. नावं ग्रीक, ती म्हणताना सबनीस काकांची जीभ दोनदा चावली गेली, म्हणून आम्ही राजाला राजा आणि बहिणीला बहीण म्हणायचं ठरवलं. गोष्ट सोपी आहे. एका बहिणीचा भाऊ राज्याविरुद्ध लढून मरतो. राजा हुकूम काढतो, याच्या प्रेताला कोणी माती द्यायची नाही, जो देईल तो मरेल. बहीण जाते आणि उघड्यावर पडलेल्या भावावर मूठभर माती टाकते. राजा तिला गुहेत कोंडतो. तिथे ती जीव देते. राजाच्या मुलाचं तिच्याशी लग्न ठरलेलं असतं, तोही तिच्याशेजारी मरतो. राजाला उशिरा अक्कल येते. बास. यात जावई नाही, वेषांतर नाही, एक मुलगी आहे आणि सत्तेला 'नाही' म्हणते आहे. बहीण अर्थातच मी होते.

बाकी कामं वाटली गेली, पण निरोप्याचं काम कोणी घेईना. ग्रीक नाटकात मरण स्टेजवर होत नाही. ते आत कुठे तरी होतं, आणि एक निरोप्या बाहेर येऊन सांगतो. दिवाळीच्या दिवशी माईकवर "ती मेली" कोण म्हणणार? एकाने तर सरळ सांगितलं, "यार, व्हिडिओ कॅसेट माझी आई बघणार आहे. आय कॅन्ट."

शेवटी सगळ्यांनी एकदम खांबेटे काकांकडे पाहिलं.

तालमी सबनिसांच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. काकांकडे दोन कामं होती. शेवटचा निरोप्या, आणि सुरुवातीला राजाला "प्रेतावर कोणी तरी माती टाकली" हे सांगायला येणारा पहारेकरी. हा पहारेकरी घाबरट आहे. मी वाटेत थांबलो, परत फिरलो, पुन्हा निघालो, माझा दोष नाही, असं म्हणत तो पानभर बोलतो आणि मग मुद्द्यावर येतो. काकांनी ते पान वाचलं आणि लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

"हा माणूस नालायक आहे," काका म्हणाले. "समोर राजा उभा आहे, त्याच्या पोटात गोळा आलाय, आणि हा स्वतःची रडकथा सांगतोय. आधी वाक्य!"

"काका, तो गरीब शिपाई आहे. व्यवस्थेला घाबरलाय. ते दाखवायचंय."

"पुढारी, व्यवस्था गेली खड्ड्यात. वाक्य काय आहे? 'महाराज, प्रेतावर माती पडली, कोणी टाकली माहीत नाही.' झालं. आता राजाला खुर्ची द्या."

असं करत करत नाटक वीस मिनिटांचं होईल म्हणून मी ओरडले. काका शांतपणे म्हणाले, "मग जेवण वेळेवर होईल."

आमचं खरं भांडण मात्र बहिणीवरून झालं. मी म्हणत होते की या नाटकात तीच एक खरी, बाकी सगळे भित्रे. काका चहात बिस्किट बुडवत ऐकत होते.

"हट्टी आहे तुझी बहीण," ते म्हणाले. "पण नशीबवान."

"नशीबवान? ती मरते, काका!"

"प्रेत तिच्या गावात होतं. चालत गेली, माती टाकून आली. आपल्यातल्या कोणाला ते जमलंय, सांग. सबनिसांचे वडील गेले तेव्हा तो ऑपरेशन थिएटरमध्ये. तुझी आजी गेली तेव्हा तू पुठ्ठे रंगवत होतीस. कोणत्या राजानं अडवलं होतं? कोणीच नाही. फक्त लांब." त्यांचं बिस्किट चहात पडलं. ते चमच्यानं काढत म्हणाले, "म्हणून मला ग्रीक लोकांचं हे पटतं. सगळं आत होतं. इकडे नुसता एक माणूस येतो आणि सांगतो. आपलं दुसरं काय आहे?"

  मी उलट विचारलं, "आणि निरोप्यालाच निरोप असेल तर? त्याला कोण सांगतं?"

काकांनी घड्याळ पाहिलं आणि उठले.

इकडे कमिटीची वेगळीच चुळबुळ. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी डॉक्टर सबनीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुजाता, तसं पाहिलं तर नाटक फारच छान आहे. फक्त दिवाळी आहे गं. लोक श्रीखंड खाऊन बसणार. शेवटी राजा तिला माफ करतो, असं नाही का दाखवता येणार? एका अर्थी?"

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं. 'शेवट बदलणार नाही!' खाली तीन मागण्या. मंडळाच्या इतिहासात पुरीभाजीच्या ताटाबरोबर पत्रक वाटलं गेल्याची ती पहिली वेळ असावी. लोकांनी त्यावर लोणचं ठेवलं.

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. पहिली चाळीस मिनिटं माझ्या मनासारखी गेली. मूठभर माती टाकताना मी स्वतःच रडले. राजासमोर उभी राहून "तुझा कायदा कालचा, माझा त्याच्याही आधीचा!" म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. मग मला गुहेत नेलं, म्हणजे पडद्यामागे, जिथे मी गळ्याला ओढणी गुंडाळून मेलेली बसले.

आता निरोप्याचा प्रवेश. त्यानं विंगेतून न येता प्रेक्षकांमधून, मागच्या दारातून चालत यावं, ही कल्पना माझी. बातमी ही लोकांतून येते, असा त्यात विचार होता. स्टेजवर राणी झालेल्या सबनीस काकू उभ्या. दिवे मंद झाले. मागचं दार उघडलं. अंगावर पांढरी चादर, पण आत सवयीनं कोट आणि टाय, खाली मान, असे खांबेटे काका मधल्या वाटेनं हळूहळू चालत पुढे येऊ लागले.

काय होणार हे मला कळायला हवं होतं, पण मी पडद्यामागे मेलेली होते. नंतर कॅसेटवर पाहिलं. काका ज्या ज्या रांगेपाशी येतात त्या रांगेतली माणसं श्वास धरतात. बायका एकमेकींचे हात पकडतात. काका पुढे गेले की ती रांग सैल होते आणि पुढची ताठ होते. तिसऱ्या रांगेत कुंदामावशी बसल्या होत्या. त्यांचे वडील पुण्यात महिनाभर हॉस्पिटलमध्ये होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका तिसऱ्या रांगेपाशी आले आणि कुंदामावशी उभ्याच राहिल्या. 

"माझे का?" त्या म्हणाल्या. "काका, माझे का?"

निरोप्याचं वाक्य होतं, "बाईसाहेब, ती गेली. तुमचा मुलगाही गेला." काका थांबले. त्यांनी स्टेजवरच्या राणीकडे पाहिलं, कुंदामावशींकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकले आणि पूर्ण ताकदीनं ओरडले, "कोणी गेलेलं नाही! बसा! कोणी गेलेलं नाही!"

ऑडिटोरियमनं एकदम श्वास सोडला. आणि मग टाळ्या. अशा टाळ्या, की पडद्यामागे मला वाटलं, राज्य उलथलं.  स्टेजवरच्या सबनीस काकूंच्या तोंडून खरं तेच निघालं, "अगंबाई! सुटले मी." तेवढ्यात राजा झालेले डॉक्टर विंगेतून आले. ते थोडीच संधी सोडणार होते? हात पसरून म्हणाले, "मग आम्ही त्या मुलीला माफ करतो!"

मला सहन झालं नाही. मी ओढणीसकट पडद्यामागून बाहेर आले आणि ओरडले, "थांबा! मी मेलेली आहे!"

लोक उभे राहिले. "आली, आली! जिवंत आहे!" कोणी तरी फुलबाज्यांचं पाकीट माझ्याकडे फेकलं. कॅसेट अजून घरोघर फिरते आहे. मंडळाच्या आजवरच्या सर्व विनोदी नाटकांत हे सर्वांत उत्तम, असं लोकांचं मत आहे. डॉक्टर सबनीस जाताना म्हणाले, "शेवटी ऐकलंस हो माझं."

घरी सोडायला काकांचीच गाडी. मी दार आपटून बसले.

"काका, तुम्ही माझं नाटक मारलंत."

"हो."

"अडीच हजार वर्षं ती मुलगी मरते आहे. तुमच्यामुळे वाचली!"

"वाचू दे की एकदा. पुन्हा कोणी नाटक केलं की मरेलच. कुंदाचे वडील खरे आजारी आहेत."

 पार्कवे हायवेवर काका नेहमीप्रमाणे इतक्या हळू चालवत होते की मागचे हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. मग ते स्वतःहून म्हणाले, "पुढारी, तुला एक सांगतो. फोन वाजला की मला वाटतं, हा माझाच निरोप. उचलतो, आणि पलीकडून कोणी तरी म्हणतं, जोश्यांना सांगा, किंवा मेश्रामांना सांगा. तेव्हा मला बरं वाटतं. एक क्षणच. पण वाटतं. दुसऱ्याच्या घरी आग लागलीय आणि मला बरं वाटतंय." त्यांनी काच पुसली. "म्हणून मग भांडी घासतो."

 मी म्हटलं, "काका, एक्झिट गेली."

"हो, गेली वाटतं," काका म्हणाले, आणि पुढच्या एक्झिटवरून त्यांनी गाडी वळवली.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी माझ्या खोलीतला फोन वाजला. पलीकडून समुद्राखालून आल्यासारखा आवाज, आणि प्रत्येक शब्द दोनदा.

"सुजाता मेश्राम का? मी मिरजेहून डॉक्टर केळकर बोलतोय. माईंच्या समोर राहतो."



"माझा नंबर तुम्हाला..."

"दत्तूनं, म्हणजे तुमच्या खांबेट्यांनी दिलाय. दिवाळीनंतर फोन केला होता त्यानं. म्हणाला, माईचं काही असलं तर मला फोन करू नका. या मुलीला करा. ती येऊन सांगेल. ती गोल गोल बोलत नाही."

 "मग सांगा," मी म्हणाले. "आधी वाक्य सांगा, डॉक्टर."

त्यांनी सांगितलं. माई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं, नीट झालं. आज सकाळी शुद्धीवर आल्या आणि पहिला प्रश्न, दत्तू जेवतो का बसून.

मी फोन ठेवला आणि कोट शोधायला लागले. मग का कोण जाणे, आरशासमोर थांबून कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावली. माझ्याकडे गाडी नाही. मैत्रिणीची घेतली. रात्रभर बर्फ पडून रस्ते पांढरे झाले होते आणि सगळ्या वाटेत मी वाक्य जुळवत होते. 'माई पडल्या' म्हणून सुरुवात केली तर काका पुढचं ऐकणारच नाहीत. 'माई ठीक आहेत' म्हटलं तर विचारतील, ठीक आहेत हे सांगायला कोण येतं? सिग्नलला थांबून मी तीन वाक्यं केली आणि तिन्ही खोडली. पानभर बडबडणाऱ्या त्या पहारेकऱ्याची मला पहिल्यांदाच दया आली.

गाडी काकांच्या ड्राइव्ह-वेमध्ये शिरली. समोरच्या खिडकीत काका उभे होते. त्यांनी मला पाहिलं. शनिवारी सकाळी, न कळवता, परक्या गाडीतून, कोटाची सगळी बटणं लावून आलेली मी. त्यांनी पडदा सोडून दिला.

मी बेल दाबली. दार उघडलं नाही. आत रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग काहीच नाही. दाराच्या पलीकडे ते उभे होते, हे मला कळत होतं.

मी दोन पावलं मागे सरकले, बर्फात पाय घोट्यापर्यंत रुतले, आणि घोषणा देऊन कमावलेल्या माझ्या सगळ्या आवाजानिशी ओरडले, "काका! कोणी गेलेलं नाही! माई पडल्या होत्या, ऑपरेशन झालं, आता शुद्धीवर आहेत! तुम्ही बसून जेवता का विचारताहेत!"

शेजारच्या अंगणात बर्फ उपसणारे इटालियन आजोबा थांबले. त्यांनी टोपी उचलली. "कोनी गेलेला नाय!" ते आनंदानं म्हणाले.

दार उघडलं. काकांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं.  मी त्यांच्या हाताला धरलं आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीपाशी नेलं.

"आता बसा," मी म्हणाले.

ते बसले. मी आत गेले. सिंकमध्ये एक ताट होतं, एक वाटी, एक चमचा. रात्रीची. ती घासून ठेवायला कितीसा वेळ लागणार? पण मी बाह्या वर केल्या, नळ पूर्ण सोडला आणि तीच तीच पुन्हा पुन्हा घासत राहिले. बाहेरचं मला काही ऐकू आलं नाही.

त्या सकाळी आयसेलिनमध्ये पुष्कळ पाणी वाया गेलं, आणि त्याविरुद्ध मी पत्रक काढणार नाही.